सुपरचार्जरची खातेनिहाय चौकशी

मोटारीच्या पोटात सुपरचार्जर नावाचा एक अवयव असतो हे मला बावन्नाव्या वर्षी समजलं, आणि त्याची खरी किंमत समजली तेव्हा तो बंद पडलेला होता. गाडी माझी असती तर मी एवढा खचलो नसतो. ती सासऱ्यांची होती, आणि धडधाकट परत करायला माझ्या हातात सहा दिवस उरले होते.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं. ती विकायची नाही, दोन जावयांपैकी ज्याच्या घरी ती सुखानं नांदेल त्याला द्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि ते मुलाकडे दोन महिने राहायला गेले. पहिला महिना गाडी साडूकडे होती. साडू म्हणजे धाकटा जावई. त्याला गाड्यांतलं कळतं, निदान चारचौघांत तो तसं बोलतो. त्यानं ती एकही ओरखडा न पाडता परत केली, आणि परत करताना पुसायचं फडकंसुद्धा धुऊन, इस्त्री करून दिलं. दुसरा महिना माझा. परीक्षा हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण इस्त्रीचं फडकं पाहून पेपर अवघड आहे हे मला कळलं.

जाण्यापूर्वी सासऱ्यांनी आम्हा दोघांनाही बॉनेट उघडून सुपरचार्जर दाखवला होता. इंजिन स्वतःच्या दमावर जेवढी हवा ओढतं तेवढ्यावर त्याचं भागत नाही. हा गडी पट्ट्यावर फिरतो आणि त्याला जास्तीची हवा दाबून भरतो, म्हणून गाडी चढावर बारीक शीळ घालत जाते, असं त्यांनी समजावलं. शीळ थांबली की काहीतरी बिनसलं म्हणून समजा, असंही सांगितलं. मी मान डोलावली. स्वतः जागचं हलायचं नाही आणि दुसऱ्याला पळवायचं, असे वरिष्ठ आमच्या कचेरीतही आहेत, त्यामुळे मला तो चटकन समजला.

आता माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. मी वस्तू जपतो. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे, मिक्सरला झालरीचा झगा आहे, फ्रिजच्या मुठीला मोजा आहे. आमची निळ्या फुलांची मोठी चादर मध्येच विरली तेव्हा मी ती टाकू दिली नाही. बायकोनं शिवणयंत्रावर तिचं वॉशिंग मशीनचं कव्हर केलं, न्हाणीघराच्या खिडकीचा पडदा केला, माझ्या कागदपत्रांसाठी दोन बंदांची पिशवी केली, आणि उरलेल्या तुकड्यांत माझी आणखी बारीकसारीक कामं भागवली. गाडी घरी आली त्याच दिवशी मी स्टिअरिंगला, गिअरच्या दांड्याला, दोन्ही आरशांना, जे जे झाकता येईल त्याला कव्हर घातलं. बॉनेटखालीही एकदोन नाजूक जागा होत्या. त्यांचीही सोय लावली. मग चोवीस दिवस गाडी खाली उभी होती. वापरली तर खराब होते, म्हणून मी ती वापरली नाही.

पंचविसाव्या दिवशी, सोमवारी, बायको म्हणाली की निदान एकदा तरी तिच्या बहिणीकडे गाडीनं जाऊ या. साडूचं घर चढावर आहे. पायथ्याशी शीळ ऐकू आली, मग ती बसक्या आवाजात आली, मग बंद झाली. त्यानंतर बॉनेटखालून एक कर्कश किंचाळी आली आणि जळक्या रबराचा वास सुटला. गाडी थांबली नाही, पण पुढे जाण्याची तिची इच्छा राहिली नाही. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते, ते आमच्या पुढे गेले. मग मागे वळून त्यांनी मला थोडा वेळ सोबत केली. वर गॅलरीत साडू उभा होता. त्यानं हातातला कप खाली ठेवला आणि दोन्ही कोपर कठड्यावर टेकले.

घरी परत आल्यावर मी कोरी फाइल काढली. माणसानं आपलं काम सोडू नये. कचेरीत मी चौकशी अधिकारी आहे. पाण्याच्या कूलरचा नळ कुणी तोडला, याची चौकशी मी चौदा महिने चालवली होती. दरम्यान कूलर बदलला, नळ बदलला, दोन साक्षीदार निवृत्त झाले, पण चौकशी ढळली नाही. घटना म्हटली की कारण असतं आणि कारण म्हटलं की जबाबदार व्यक्ती असते, यावर माझा विश्वास आहे. फाइलीवर मी विषय लिहिला: सुपरचार्जर बंद पडल्याबाबत. ती निळ्या फुलांच्या पिशवीत ठेवली आणि बंद बांधले.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, ते तुम्ही मला शिवायला लावलं होतं ना—"

मी हात वर केला. साक्षी क्रमानं होतील, मध्येच बोललं की नोंद बिघडते, असं तिला समजावलं आणि म्हणालो, "तुझं काही म्हणणं असेल तर लेखी दे."

ती आत गेली. मंगळवारी सकाळी तिनं खरोखरच एक चिठ्ठी आणून दिली. शिस्त म्हणजे शिस्त. मी तिच्यावर आवक क्रमांक सात टाकला, तारीख घातली, घडी केली आणि संकीर्ण या सदरात लावून टाकली. निकटच्या नातेवाइकांचं म्हणणं सर्वांत शेवटी वाचायचं, असा माझा प्रघात आहे.

सर्वांत आधी मी माझा स्वतःचा जबाब घेतला. गाडीला हात लावला का? नाही. गाडी चालवली का? चोवीस दिवस नाही. गाडीची काळजी घेतली का? उत्तम. खाली सही केली, साक्षांकितही मीच केलं. एक माणूस संशयातून मोकळा झाला की पुढचं काम हलकं होतं.

मग शेजारी आले. तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी स्टेथोस्कोप आणला, बॉनेटला लावला आणि मला इंजिन चालू करायला सांगितलं. दोन ठिकाणी ऐकून ते म्हणाले की आवाज आतल्या बाजूनं येतोय, सूज असावी. मी विचारलं, लोखंडाला सूज कशी येईल. ते म्हणाले, तेच तर उघडून पाहावं लागेल. पण उघडायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं आपणहून तोंड उघडतात. त्यांचा जबाब दीड पान झाला.

तळमजल्यावरच्या काकूंनी मांजराचं नाव घेतलं. एक करडं मांजर रोज बॉनेटवर ऊन खात बसतं हे त्यांनी पाहिलं होतं. मांजराच्या वजनानं यंत्र दबलं असणार, असं त्यांचं मत. मी दोन दिवस मांजरावर पाळत ठेवली. बुधवारी काकूंचा वजनकाटा आणून त्याला तोलायचाही प्रयत्न केला, त्यात माझ्या मनगटावर तीन ओरखडे उठले, आणि ते जोडपत्र म्हणून फाइलीत लावता येत नाहीत याचं मला वाईट वाटलं.

साडूलाही सोडलं नाही. त्याच्या ताब्यात गाडी महिनाभर होती. मी त्याला एकवीस प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. गाडी परत करताना सुपरचार्जरची मनःस्थिती कशी होती, इथपासून ते फडक्याला इस्त्री करण्यामागचा हेतू काय, इथपर्यंत. त्यानं एकवीस प्रश्नांपुढे "लागू नाही" लिहून दिलं आणि खाली लिहिलं, "दादा, चढावर आलात तेव्हा हात करायचा राहिला, माफ करा." मी ते वाक्य तीनदा वाचलं. कलम लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गुरुवारी मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. काचेचं दालन, थंड हवा, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी. तिनं गाडीला संगणक जोडला आणि सांगितलं की मशीन म्हणतंय, हवा कमी. मी विचारलं, का कमी. ती म्हणाली, ते मशीन सांगत नाही, त्यासाठी उघडावं लागेल, आणि गाडी विम्यातली असल्यामुळे उघडण्याआधी विमा कंपनीची परवानगी हवी. मी विमा कंपनीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: बिघाडाचे कारण. मी म्हणालो की कारण समजण्यासाठीच परवानगी हवी आहे. ते म्हणाले, कारण लिहिल्याशिवाय परवानगीचा फॉर्म पुढे सरकत नाही. मी म्हणालो, उघडल्याशिवाय कारण कळत नाही. ते म्हणाले, मग उघडा. परवानगीशिवाय? मग क्लेम बसत नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. चौदा महिने कूलर चालवणारा मी, पण इतका नीटस वळसा मला कधी जमला नव्हता. मी त्यांच्याशी हस्तांदोलन करून बाहेर पडलो आणि पायरीवर बसून घाम पुसला.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. रविवारी सकाळी पोचतो, म्हणाले, गाडी कशी आहे? आणि इथे मी जे केलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. माझ्याकडे एकच संशयित उरला होता. गाडी माझ्या ताब्यात आली त्या सकाळी सासऱ्यांच्या मिस्त्रीनं तिची तपासणी करून, तेल पाहून, नवा कोरा हवेचा फिल्टर बसवून दिला होता. म्हणजे गाडीला शेवटचा हात त्याचा. हा मिस्त्री कुणाशी फारसं बोलत नाही, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणतात, आणि जो माणूस स्वतःची बाजू मांडत नाही तो चौकशी अधिकाऱ्याच्या फार सोयीचा असतो. मी सासऱ्यांना सांगितलं की सुपरचार्जर गेला, आणि पुरावा पाहता मौनीनं काहीतरी चुकीचं जोडलं.

मग सासरे म्हणाले, "मौनीनं? एकतीस वर्षं माझ्या गाड्या त्याच्या हाताखाली आहेत, जावईबापू." मग म्हणाले, "तुम्ही चौकशी केलीय म्हणता, तर असेल. आता त्याचंही वय झालं. इथून पुढे त्याच्याकडे न्यायची नाही."

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं की मौनीचं नाव का घेतलं. मी पुराव्याचं सांगितलं. ती म्हणाली, "माझी चिठ्ठी वाचलीत?" मी म्हणालो, क्रमानं येईल. त्या दिवशी चहा मला माझा मीच करून घ्यावा लागला.

शनिवारी दुपारपर्यंत एकही गॅरेज गाडी उघडायला तयार होईना. शेवटी बायकोनंच मौनीला फोन केला. आरोपीकडूनच तपास करून घेणं नियमाला सोडून आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं धाडस झालं नाही. मौनी सायकलवरून आला, हत्यारांची पेटी मागे बांधलेली. सासऱ्यांनी त्याला फोनवर काय सांगितलं होतं ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण त्यानं मला नेहमीसारखाच नमस्कार केला. दातांचे डॉक्टर तज्ज्ञ म्हणून शेजारी उभे राहिले. मी फाइलीची पिशवी गाडीच्या टपावर ठेवून जबाब लिहायला पेन काढलं.

मौनीनं आधी फिल्टरचा डबा उघडला. डबा नीट बंद नव्हता. तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं, मग पुढची नळी सोडवली, आणि तिच्या तोंडातून एक पांढरी दोरी हळूच ओढली. दोरी येतच राहिली. ती नाडी होती. नाडीच्या टोकाला कापड होतं, तेलानं काळपटलेलं, सुपरचार्जरच्या पात्यांत गुंडाळून पिळा पडलेलं. मौनीनं चिमट्यानं ते सोडवून बॉनेटवर पसरलं. काळ्या डागांतून निळी फुलं दिसायला लागली.

डॉक्टरांनी त्या फुलांकडे पाहिलं. मग टपावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग पुन्हा फुलांकडे. त्यांच्या धंद्यात माणसाला दुखत असताना तोंडावर काही न दाखवण्याची सवय असते, पण त्या दिवशी ती त्यांना कामाला आली नाही. ते घाईनं जिन्याकडे गेले आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांचं हसू ऐकू येत राहिलं.

आता सगळं आठवलं. पांढराशुभ्र नवा फिल्टर, तो धुळीनं काळा होणार या विचारानं कळवळलेला मी, आणि बायकोनं मापानं शिवून दिलेली नाडीची खोळ. कशासाठी हवी, असं तिनं विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, फिल्टर म्हणून एक नाजूक वस्तू आहे. कव्हर घालणं म्हणजे गाडीला हात लावणं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इंजिनानं खोळ आत ओढली, सुपरचार्जरनं ती गिळली, आणि जाम झालेल्या चाकावर पट्टा घासून घासून जळला. कारण स्पष्ट होतं. जबाबदार व्यक्ती हातात पेन घेऊन उभी होती.

मौनीनं पाती पुसली, फिरवून पाहिली, दोनदा कान लावला. नुकसान झालं नव्हतं, नवा पट्टा घातला की चालेल. मग खोळीची घडी करून तिच्याकडे पाहत तो हळू आवाजात म्हणाला, "साहेबांना सांगतो, पट्टा जुना होता. माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

एकतीस वर्षांच्या भरवशाचा माणूस एका खोळीसाठी आपलं नाव द्यायला निघाला होता. मला फार लाज वाटली. आणि त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे मी लगेच नाही म्हणालो नाही. गाडी, साडू, गॅलरीचा कठडा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी फक्त म्हणालो, उद्या बघू. मौनीनं खोळ पेटीत टाकली आणि तो कामाला लागला. संध्याकाळी गाडी शीळ घालत होती, आणि मला ती ऐकवत नव्हती.

रविवारी सकाळी सासरे आले, आल्याआल्या मी किल्ली त्यांच्या स्वाधीन केली. मौनीलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. तो दाराशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. साडू आणि मेहुणी आले. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि मौनीकडे वळून विचारलं, काय झालं होतं. मौनीनं घसा साफ केला. तो बोलण्याआधीच मी उठलो.

मी म्हणालो, "बाबा, पट्टा चांगला होता. फिल्टरला मी खोळ घातली होती. मौनीचा काही दोष नाही."

सासरे म्हणाले की हे मला सांगून काय उपयोग, ज्याचं नाव घेतलंत त्याला सांगा. मी दाराशी गेलो. आयुष्यात शेकड्यांनी लोकांचे कबुलीजबाब घेतले, पण स्वतःचा देताना काय बोलायचं याचा नमुना कुठेच नव्हता. मी म्हणालो, "मिस्त्री, चुकलो." मौनी म्हणाला, "चालायचंच," आणि मग कुठे तो खुर्चीवर बसला. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून गाडीचं पुढचं सर्व्हिसिंग कधी, असं विचारलं. बाकी मला काही नको होतं, असं मी मनाशी म्हणालो, आणि ते जवळजवळ खरं होतं.

पण सासऱ्यांनी फाइल मागितली. एकशे सहा पानं ते शांतपणे वाचत गेले. मांजराच्या वजनाशी थांबले, साडूच्या प्रश्नावलीशी दोनदा थांबले. साडू छताकडे पाहत होता. मग ते संकीर्णपाशी आले, आवक क्रमांक सातची घडी उघडली आणि मोठ्यानं वाचली. बायकोच्या अक्षरात एकच ओळ होती: "फिल्टरला घातलेली खोळ काढून बघा."

"तारीख मंगळवारची आहे," सासरे म्हणाले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा नीट घडी करून जागच्या जागी लावली, फाइल बंद केली, खिशातून किल्ली काढली, आणि ती मला दिली नाही, साडूलाही दिली नाही. आपल्या थोरल्या मुलीच्या हातात ठेवली. म्हणाले, या घरात गाडीचं जिला कळतं तिला दिली. साडूचे कोपर तेव्हा कुठल्याच कठड्यावर नव्हते, हे पाहून मला थोडं बरं वाटलं.

दुपारी बायको मला फिरवायला घेऊन निघाली. लायसन्स तिला माझ्याआधी मिळालं होतं, ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. मी शेजारी बसलो, मांडीवर फाइल. गाडी निघाली, पण जड जड, आणि थोड्या वेळानं जळकट वास यायला लागला. मी खाली पाहिलं. हँडब्रेक ओढलेलाच होता.

मी म्हणालो, "अगं, मी काय म्हणतो—"

"लेखी द्या," ती म्हणाली. नजर रस्त्यावरच होती.

मी फाइलीचं शेवटचं पान फाडलं, "हँडब्रेक खाली कर" असं लिहिलं, खाली सही केली आणि सिग्नलला गाडी थांबल्यावर कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. हँडब्रेक खाली केला, आणि दिवा हिरवा झाल्यावर शीळ घालत गाडी पुढे काढताना कागद मला परत दिला.

"आवक क्रमांक टाकायचा राहिलाय," ती म्हणाली.